काळ्या स्वयंपाकघरातली भिंत

१

गवंड्याने छिन्नीवर हातोडा मारला आणि वीट बाहेर येण्याऐवजी आत पडली.

भरीव भिंतीत वीट आत पडेलच कशी? थेक्ला बार्चने हातातली मोजपट्टी टाकली आणि ती पुढे झाली. पडलेल्या विटेचा आवाजही तिला खटकला होता. वीट मातीवर पडली की धप्प वाजते. ही कशावर तरी आपटून, काहीतरी तडकवून मग खाली गेली होती.

"आल्फ, टॉर्च दे इकडे."

भोकातून झोत आत गेला. आधी नुसती काजळी दिसली. मग खुंटीवर टांगलेला एक कोट. कोटाच्या खाली फळी, आणि फळीवर भिंतीला पाठ टेकून एक माणूस. कपड्यांनी आणि अरुंद जागेने जेवढी हाडं धरून ठेवली होती, तेवढा.

आल्फ गवंडी दोन पावलं मागे सरला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

शिर्मरांचं हे घर म्हणजे त्या खोऱ्यातली सगळ्यांत जुनी वास्तू. जर्मन मुलखातून जहाजाने येऊन इथे उतरलेल्या आजोबांनी आधी लाल गम नावाच्या इथल्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा उभा केला आणि चौकटींत माती-पेंढा भरला. मधोमध बांधलं काळं स्वयंपाकघर. ही खोली म्हणजेच एक भलंमोठं धुराडं. खाली उघडी चूल, भिंती वर जाता जाता आत झुकत निमुळत्या होणाऱ्या, आणि वरच्या दांड्यांवर धुरात टांगलेली डुकराच्या मांसाची सॉसेजेस. पुढे मुलाने मागच्या बाजूला दगडी स्वयंपाकघर काढून लोखंडी चूल बसवली आणि काळं स्वयंपाकघर मागे पडलं. त्यानंतर तिथे फक्त वर्षाकाठी सॉसेजेसना धूर द्यायचे, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात तेही बंद झालं.

थेक्ला शहरातल्या कॉलेजात इमारतींची रेखाटनं शिकवायची. सुट्टीत खोऱ्यात येऊन ती पडायला आलेली शेतघरं कागदावर उतरवत असे. तिचा नवरा याच खोऱ्यातला. तो गेला, तरी तिचं येणं थांबलं नव्हतं. शिर्मरांचं घर मोजताना तिला हिशेब लागेना. बाहेरून मोजलं तर घर हातभर लांब भरे, आतून तेवढंच आखूड. त्यात धुराडं शेजारच्या झोपायच्या खोलीकडे कललं होतं. म्हातारा एर्विन शिर्मर म्हणाला होता, "धुराडं वरून पाडा हवं तर, पण खालच्या भिंतीला हात लावायचा नाही." त्या खोलीत झोपणारी त्याची धाकटी बहीण हुल्डा म्हणाली, "म्हणजे मी विटांखाली चिरडून मरू का? उघड गं तू भिंत, थेक्ला."

आणि तिने उघडली.

दारात सावली पडली. एर्विन द्राक्षमळ्यातून परतला होता. त्याने भोकाकडे पाहिलं, टोपी काढून उभ्या आल्फकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, दुःख होतं. नव्हतं ते फक्त आश्चर्य.

"माझा मोठा भाऊ आहे तो," तो म्हणाला. "बेनो. मीच मारला त्याला."

२

सार्जंट मॅकार्डल आयरिश. जर्मन माणसांच्या या खोऱ्यात वीस वर्षं काढूनही त्याला इथली कॉफी आवडत नसे, पण माणसं आवडत. एर्विनला बेड्या घालायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

"सरळ आहे सगळं, मिसेस बार्च," तो ओसरीत येऊन म्हणाला. "युद्धाचे दिवस. दोघा भावांत शेतीवरून भांडण. याने हातोडा घातला डोक्यात आणि भिंतीत चिणला. गावाला सांगितलं, बेनो अमेरिकेला पळाला. कवटीला ही एवढी भेग आहे. कबुली आहे, कारण आहे. आणखी काय हवं?"

"ती भिंत मला नीट वाचू द्या."

"भिंत वाचायची? ते काय बायबल आहे?"

"माझ्यासाठी आहे. तुमचा शहरातला डॉक्टर उद्या येणार ना? तोवर काही तोडू नका, हलवू नका. आणि म्हाताऱ्याला घरीच राहू द्या. या वयात तो पळून जाणार कुठे?"

सार्जंटने मान खाजवली. "बरं. उद्यापर्यंत."

तेवढ्यात फाटक वाजलं. हुल्डा चर्चमधून आली. सुगीच्या उपासनेसाठी वेदी सजवून आली होती. तिच्या बाहीवर गव्हाची कुसं चिकटलेली होती. पन्नाशीची, अविवाहित, ताठ बाई. सार्जंटने चाचरत सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तो बेनो नाही," ती म्हणाली.

"हुल्डा, एर्विन स्वतः म्हणतोय..."

"एर्विनला काय कळतं! बेनो अमेरिकेला गेला. मी आठ वर्षांची होते. मला खांद्यावर बसवून मळ्यात न्यायचा आणि एक दिवस न सांगता निघून गेला. एक ओळ लिहिली नाही त्याने मला. आईच्या मरणाला नाही आला, वडिलांच्या, आमच्या पापांच्या, नाही आला." तिचा आवाज चढला. "चाळीस वर्षं मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालतेय, सार्जंट. आणि तुम्ही म्हणता तो भिंतीत होता?"

ती आत गेली. काळ्या स्वयंपाकघराच्या दाराशी पोहोचली, पण उंबरा तिने ओलांडला नाही.

३

"मी कुणाचं वाईट बोलणार नाही," म्हणत गुस्ताव लिंके बराच वेळ शिर्मरांचं वाईट बोलत राहिला. शेजारचा मळा त्याचा. हातात दांडकं, ताटलीत व्हिनेगरमधल्या काकड्या, आणि थेक्लाने मागितलीही नव्हती ती माहिती.

"बेनोच्या तोंडाला लगाम नव्हता गं. टाउन हॉलात सैन्यभरतीची सभा होती. व्यासपीठावरचा कुणी म्हणाला, तुमच्या जर्मन शाळांना कुलूप लावणार. तर हा उठला आणि म्हणाला, माझ्या आजोबांनी ही जमीन फोडली तेव्हा तुम्ही जन्मलाही नव्हता. झालं! लढाई जर्मनांशी, आणि आम्ही पडलो जर्मन. त्याला पकडून कैदेच्या छावणीत टाकायचा हुकूम सुटला."

"कळवलं कुणी?"

लिंके काकडी चावायचा थांबला. "सगळा हॉल होता की तिथे."

"लिंकेकाका."

"मला विचारलं, मी सांगितलं," तो ताटलीकडे बघत म्हणाला. "माझेही दोन भाऊ होते. कुणाला तरी ते लोक नेणारच होते. आमच्या गावाचं नाव पुसलं त्यांनी. नकाशावर आता मिलबँक. जुनं फ्रीडेनाउ म्हणायचं तर दार लावून म्हणावं लागे. भित्रा होतो मी. पण खुनी नाही. खुनी कोण ते मी तेव्हाच ओळखलं होतं."

"कसं?"

"त्या हिवाळ्यात कुंपण दुरुस्त करत होतो. शिर्मरांच्या त्या काळ्या खोलीतून एर्विनचा आवाज आला. कुणावर तरी ओरडत होता, 'बाहेर पड तिथून, बेनो, नाहीतर इथेच मरशील!' आणि त्यानंतर बेनो कुणाला दिसला नाही. आता बोल."

थेक्ला उठली. मळ्यांमधली पायवाट धरली तेव्हा तिच्या डोक्यात एकच शब्द घोळत होता. 'तिथून.' धमकी देणारा माणूस म्हणाला असता, निघ इथून. 'बाहेर पड तिथून' कुणाला म्हणतात? जो कुठेतरी आत बसलाय त्याला.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भोक मोठं करून घेतलं आणि अंग चोरून ती त्या पोकळीत शिरली. सार्जंट बाहेर उभा राहिला.

"बोला, काय म्हणते भिंत?"

"ही एक नाही, दोन भिंती आहेत, सार्जंट. पहिली कुणीतरी सावकाश, प्रेमाने बांधलीय. जुन्याच विटा, जुन्यासारखाच माती-पेंढ्याचा गारा, कुणाला नवी वाटू नये म्हणून वर काजळीचा हात फिरवलेला. खाली गुडघाभर उंचीचं एक तोंड ठेवलंय. त्याला फळीचं कवाड, बाहेरून मातीने लिंपलेलं. आत बसायला रंधा मारलेली गुळगुळीत फळी. कोटासाठी खुंटी. कोपऱ्यात पाण्याचा मातीचा जार." तिने जरा थांबून विचारलं, "ज्याला मारायचं त्याच्यासाठी फळीला रंधा मारतो का कुणी?"

सार्जंट वाकून फळीकडे पाहू लागला.

"ही लपायची जागा आहे. शिपाई आले की बेनो इथे शिरायचा. आणि हे बघा, कवाडाला आतून खिट्टी. म्हणजे बंद तोच करायचा. पण खिट्टी मोडलेली आहे. बाहेरून पहार घालून उचकटलीय. कुणीतरी जीव तोडून त्याच्यापर्यंत पोहोचायला बघत होतं."

"आणि दुसरी भिंत?"

"ती या तोंडाच्या बाहेरून घातलेली. चुन्यात, वेडीवाकडी. थापीसुद्धा वापरलेली नाही. सांध्यांवर बोटं उमटलीत. ती त्याच्या मरणानंतरची."

"पण कवटीची भेग?"

"भेगेच्या कडा बघा. सगळी कवटी काजळीने काळी, आणि भेग आतून पांढरीस्वच्छ. ती काल पडली. आमची वीट आत गेली ती त्याच्या डोक्यावर. आवाज मी ऐकला होता." तिला बोलताना त्रास झाला. "एर्विनकाकांनी भोकातून भेग पाहिली आणि हातोड्याची गोष्ट तयार केली."

"अरे देवा. मग हा मेला कशाने?"

थेक्लाने टॉर्च वर धरली. पोकळी आणि धुराडं यांच्या मधल्या भिंतीत मुठीएवढं भोक होतं. हवा यायला ठेवलेलं. बाहेरच्या भिंतीत ठेवलं असतं तर शिपायांना दिसलं असतं. म्हणून धुराड्यात काढलं. काळ्या स्वयंपाकघरात चूल पेटत नव्हती, तोवर त्यात धोका नव्हता.

भोकात लोकरीचा मफलर कोंबलेला होता. जळका नव्हे, धुराने काळा झालेला.

"खाली कुणीतरी चूल पेटवली," ती म्हणाली. "धूर आत यायला लागला. त्याने गळ्यातला मफलर काढून भोक बुजवलं. धूर थोडा थांबला, हवा पूर्ण थांबली. हाताशी खिट्टी होती, सार्जंट. उघडून बाहेर पडला असता तर वाचला असता. पण बाहेर शिपाई असणार. त्याने उघडली नाही."

"मग ही चादर?"

मृताच्या गुडघ्यांवर चादर नीट खोचलेली होती, काठाला भरतकाम. पोकळीतली प्रत्येक वस्तू काजळीने माखलेली होती. चादरीवर मात्र फक्त धूळ होती.

"धूर संपल्यावर पांघरली. घरच्या बाईने. आणि त्या दिवसानंतर या चुलीत कधी विस्तव पडलेला नाही, नाहीतर हीसुद्धा काळी झाली असती."

सार्जंट मागे वळून थंड चुलीकडे बघू लागला. मग म्हणाला, "घरातल्या सगळ्यांना माहीत होतं तो इथे आहे. मग चूल पेटवली कुणी?"

थेक्ला बाहेर पडता पडता थांबली. सगळ्यांना माहीत होतं?

५

एर्विन गोठ्याच्या दाराशी बसला होता. थेक्लाने त्याला भिंतीबद्दल सगळं सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

"मी मारला म्हटलं ना. लिहून घ्या आणि न्या मला."

"कुणाला वाचवताय, एर्विनकाका?"

"पोरी, तू तुझी चित्रं काढ आणि घरी जा." त्याने काठी जमिनीत रोवली. "तुझ्या सासऱ्याची शपथ घालतो. पुढे विचारू नकोस."

पण तिने विचारलं. एर्विनला नाही, हुल्डाला.

हुल्डा मागच्या दगडी स्वयंपाकघरात बिहीची पिवळी, कडक फळं चिरत बसली होती. काम करत राहिली नसती तर ती कोसळली असती हे दिसत होतं. थेक्ला तिच्यासमोर बसली आणि तिनेही सुरी घेतली.

"शिपाई घरी आले होते, आठवतं तुला?"

"न आठवायला काय झालं? कडाक्याचा हिवाळा. पापांना आणि एर्विनला धान्याच्या कोठारात नेलं. तिथे शिपाई गवतात लांब दांड्यांचे लोखंडी काटे खुपसत होते. आईला पुढच्या खोलीत बसवलं, एक म्हातारा शिपाई पहाऱ्याला. आई दगडासारखी बसली होती. मी लहान, मला कोण विचारतंय! मी घरभर फिरत होते." हुल्डाच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं. "इथल्या चुलीचा पाइप त्यांनी उचकटून टाकला होता, आत माणूस लपलाय की काय बघायला. मूर्ख मेले. पाइपात माणूस मावतो का?"

"मग?"

"आई नेहमी म्हणायची, पाहुणे उठत नसले की कॉफी द्यावी, कॉफी झाली की उठतात. मला वाटलं, यांना कॉफी दिली तर हे जातील. इथली चूल मोडलेली, म्हणून मी..."

थेक्लाची सुरी थांबली.

"...म्हणून मी काळ्या स्वयंपाकघरात चूल पेटवली. द्राक्षवेलींच्या छाटलेल्या ओल्या काड्या होत्या, धूर धूर झाला नुसता. पण कॉफी केली मी. सगळ्या शिपायांना दिली. ते गेले नाहीत, उलट उबेला बसून राहिले. संध्याकाळी गेले. आणि पापांनी मला थोबाडीत मारली, थेक्ला. जन्मात एकदाच. मग मला छातीशी धरून रडले. मी म्हटलं, शत्रूला कॉफी दिली म्हणून रागावले. रात्री मला लिंकेंकडे झोपायला पाठवलं. परत आले तर म्हणाले, बेनो अमेरिकेला गेला."

बोलता बोलता तिने बिहीचा गर एका बाजूला सारला आणि नवं फळ घेतलं. तिला काही दिसलं नव्हतं. तिने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं होतं आणि तरी तिला ते दिसलं नव्हतं.

घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. शाळेत जाऊन बोलून जाईल म्हणून जिला सांगितलं नव्हतं, ती एकटी सोडून.

६

थेक्ला मळ्याच्या कडेने बराच वेळ चालत राहिली. गप्प राहिलं तर एर्विन खुनी म्हणून मरेल. बोललं तर आठ वर्षांच्या मुलीच्या हातून घडलेलं पन्नाशीच्या बाईला पेलावं लागेल. पण आणखी एक गोष्ट होती, आणि ती एर्विनच्या लक्षात कधी आलीच नव्हती. परतताना ती तडक गोठ्याकडे गेली.

"तुम्ही तिला वाचवलंत असं तुम्हाला वाटतं," ती म्हणाली. "काल ती काय म्हणाली, ऐकलंत? चाळीस वर्षं ती त्याला शिव्या घालतेय. त्याने आपल्याला टाकलं असं धरून जगली ती. तिचा भाऊ तुम्ही दोनदा नेलात, एर्विनकाका."

म्हाताऱ्याने तोंडावर हात धरला.

"आईने शब्द घेतला होता," तो शेवटी म्हणाला. "तिला कधी कळू द्यायचं नाही."

"आई गेल्या. तुम्ही सांगता की मी सांगू?"

ते दोघं दगडी स्वयंपाकघरात आले. सार्जंट दाराबाहेरच थांबला. एर्विन बहिणीसमोर बसला, त्याने तिच्या हातातली सुरी काढून घेतली, आणि सांगितलं. आडवळण न घेता, खाली मान न घालता. सांगत सांगत तो चूल पेटल्यापर्यंत आला तेव्हा हुल्डाने मान वर केली. तिने आपले हात उलटेसुलटे करून पाहिले, जणू दुसऱ्याचेच कुणाचे असावेत.

"मी," ती म्हणाली. "मी कॉफी..."

"ऐक, अजून संपलं नाही," एर्विन म्हणाला. "मी कोठारात होतो. जुन्या धुराड्यातून धूर निघताना मला दिसला, हुल्डे. मला कळलं. मी ओरडलो असतो तर त्यांनी त्याला पकडला असता, छावणीत नेला असता, पण जिवंत नेला असता. आधी मीच त्याला सांगायचो, बाहेर पड, शरण जा, इथे मरशील. आणि वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. वाटलं, आत्ता जातील. आत्ता उठतील. तुला काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी मारला म्हणतो ते खोटं नाही."

बाहेर सार्जंटच्या बुटांखाली वाळू करकरली.

"म्हणजे तो गेलाच नव्हता," हुल्डा म्हणाली.

"नाही."

"माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे होता."

"हो."

"आणि तू रोज माझ्यासमोर बसून जेवलास." ती उठली. "बाहेर जा, एर्विन. आत्ता तुझं तोंड बघवत नाही मला."

तो गेला. त्यानंतर ती काळ्या स्वयंपाकघरात गेली आणि या वेळी उंबरा ओलांडून थेट भिंतीपाशी गेली. आत तिचं काय बोलणं झालं ते थेक्लाने ऐकलं नाही. दार ओढून घेऊन ती ओसरीत येऊन बसली. सार्जंट तिथेच होता.

"तुमच्या अहवालात काय लिहाल?" तिने विचारलं.

"धुराने गुदमरून मृत्यू, युद्धकाळात लपला असताना." त्याने टोपी फिरवत म्हटलं, "चूल कुणी पेटवली ते लिहायला माझ्याकडे पुरावा नाही."

बेनोला चर्चच्या आवारात आईवडिलांशेजारी जागा मिळाली. सगळं खोरं लोटलं होतं. गुस्ताव लिंके कुंपणाबाहेर उभा होता. आत ये म्हणून कुणी म्हणालं नाही, आणि तोही आला नाही. पाद्रींनी बऱ्याच वर्षांनी जुन्या भाषेत प्रार्थना म्हटली. म्हाताऱ्यांचे आवाज आधी दबके होते, मग मोकळे झाले. हुल्डा कबरीच्या एका बाजूला, एर्विन दुसऱ्या बाजूला. दगडी स्वयंपाकघरातल्या त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलली नव्हती.

माती द्यायची वेळ आली. हुल्डाने दिली. एर्विन काठीवर भार टाकून वाकायला गेला, पण त्याचे गुडघे वाकेनात. काठी घसरली. लोक पुढे होणार तोच हुल्डा कबरीला वळसा घालून त्याच्यापाशी आली. तिने खाली वाकून मूठभर माती उचलली, त्याचा तळवा उघडून त्यात ठेवली, आणि त्याची बोटं एकेक करून मिटली.

"टाक," ती म्हणाली. "मी धरलंय तुला."